बारा सेकंदांची थांब

धामणखेडे, ता. मुक्ताईनगर
११ एप्रिल २०२५

चि. दिपमाला,

ललितभाऊचा आशीर्वाद, आणि त्याखाली दोन पेट्या.

फोनवर आपण दोन वाक्यं नीट बोलतो आणि तिसऱ्याला भांडतो. परवा तर तू फोन ठेवूनच दिलास. म्हणून एसटीच्या पार्सलात पेट्यांबरोबर हे पत्र घालतोय. आता पत्र वाचताना तरी तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही.

तुझ्या कंपनीच्या पंपाच्या पेट्या गावात त्रेचाळीस बसल्या, त्या माझ्या शब्दावर. तीन माझ्या मळ्यात जानेवारीत, चाचणीला म्हणून. त्या उत्तम चालल्या, तेव्हा मी गावभर छाती फुगवून सांगत सुटलो की माझ्या चुलत बहिणीने धुळ्यात बसून केलेलं यंत्र आहे. लाईट आली की विजेचा दाब बघतं, मोटर चालू करतं, विहीर आटली की बंद करतं. मार्चमध्ये उरलेल्या चाळीस बसल्या. आणि पंधरा दिवसांपासून त्या नखरे करतायत. सकाळी आठ-वीसला लाईट येते, पेटी उघडते डोळे, स्क्रीनवर लिहिते ‘दाब कमी. मोटर बंद’, आणि दिवसभर तशीच बसते. कुणाची एक दिवस, कुणाची दोन दिवस.

बेबाबाईंची मात्र रोज. तुला आठवत असतील, सुकदेव अण्णांच्या पत्नी. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपासून सगळ्यात लांबचा मळा त्यांचा, केळीची दोन हजार खोडं, सगळी घडावर आलेली. पेटीवर तू चिकटवलेली सूचना आहे ना, ‘दाब कमी दिसल्यास मेन स्विच बंद-चालू करू नये’, ती बाई तंतोतंत पाळते. बाकीचे खटकन बंद करून चालू करतात, ही हात लावत नाही. इंजिनिअर पोरीने लिहिलंय म्हणजे काहीतरी कारण असेल, म्हणते. मग बाग तशीच उन्हात उभी. एप्रिलच्या उन्हात घडावरच्या केळीला पाणी चुकलं तर काय होतं, हे तुला सांगायला नको. शहरात राहिलीस तरी पोरगी इथलीच आहेस.

बेबाबाईंची आणि शेजारच्या मळ्यातल्या तोतारामची पेटी पाठवतोय. बघ आणि लवकर कळव.

तुझा
ललितभाऊ

---

धुळे
१४ एप्रिल २०२५

ती. ललितभाऊ,

सा. न.

मी फोन ठेवला नव्हता, बॅटरी संपली होती. तुला पटणार नाही, पण तसंच झालं होतं.

दोन्ही पेट्या टेबलावर लावल्या. प्रत्येकीला दोनशे वेळा वीज बंद करून परत दिली. चारशेच्या चारशे वेळा मोटर सुरू झाली. एकदाही ‘दाब कमी’ आलं नाही. मग दाब मुद्दाम कमी करून पाहिला, तेव्हा बरोबर तो संदेश आला. म्हणजे पेटी खरं तेच सांगतेय. तुझ्या मळ्यातल्या तिन्ही चालतात ना? मग? दोष पेटीत असता तर तुझ्याही अडल्या असत्या.

वायरिंग बघ भाऊ. लांबची केबल, मध्ये जोड, जोडात गंज, की तिथेच दाब पडतो. बेबाबाईंची केबल कोणी टाकली होती? गावात निम्मे जोड नुसते पीळ मारून वर टेप गुंडाळलेले असतात, मला माहीत आहे. तू दीपनगरच्या वीजकेंद्रात ॲप्रेंटिस केलेला वायरमन, तुला हे मी शिकवायचं का?

लाईट आल्यावर पेटीत जो सगळ्यात पहिला प्रोग्राम चालतो, त्याला आम्ही बूट म्हणतो. तो सगळा मी एकटीने लिहिलाय. चार महिने घासलाय. त्यात चूक नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

मोठ्या आबांना नमस्कार.

दिपमाला

---

धामणखेडे
१९ एप्रिल २०२५

चि. दिपमाला,

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. ऐकून तुझे हे काका म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मी मात्र तुझ्या बाजूने भांडलो.

काल बेबाबाईंच्या मळ्यात गेलो. तोताराम आणि आणखी चौघं बरोबर होते. केबल अण्णांनी स्वतः टाकलेली, आजाराच्या आदल्या वर्षी. एकट्याने चर खोदला होता, मला आठवतं. निम्म्यावर एक जोड आहे, तोही त्यांच्याच हातचा. मी सगळ्यांसमोर सांगितलं की काकू, अण्णांचा जोड खराब आहे, त्याच्यामुळे दाब पडतो, केबल बदलावी लागेल. दिपमालाने तपासून सांगितलंय, हेही सांगितलं.

 बाई पदर तोंडाशी धरून बांधावर उभी राहिली. आम्ही चर उकरला, केबल वर काढली. जोड सोलून पाहिला. जुना होता. नवी केबल अखंड टाकली, एकही जोड न देता. तू परत पाठवलेली पेटी दुपारी जागेवर बसवून मेन टाकला आणि मोटर पहिल्या झटक्यात उचलली. ठिबकच्या नळ्यांत फुरफुर करत पाणी आलं तेव्हा बरं वाटलं. जुनी केबल गुंडाळून माझ्या शेडमध्ये ठेवली आहे.

तोताराम घरी येईपर्यंत बोलत होता की सुकदेव अण्णा तसे हुशार, पण जोड मारायला चुकले बरं का. बेबाबाई मागून येत होती. तिला ऐकू गेलं असेल. असो.

ललितभाऊ

---

धुळे
२२ एप्रिल २०२५

ती. ललितभाऊ,

हुश्श. मी म्हटलं नव्हतं? आबांना सांग, अंगणच वाकडं होतं.

बाकीच्यांचेही जोड बघून घे, म्हणजे काम कायमचं मिटेल. आमच्या कंपनीचे योगराज सर खूश आहेत, तुमच्या गावाचा दाखला देऊन ते आणखी दोनशे पेट्यांचं बोलणं करतायत. पहिलीच नोकरी आणि पहिलंच यंत्र. माझी आई शेजारणींना पेटीचा फोटो दाखवत फिरते.

उन्हात टोपी घालून जा.

दिपमाला

---

धामणखेडे
२६ एप्रिल २०२५

दिपमाला,

आशीर्वाद मनात आहेत, लिहायची इच्छा नाही.

बेबाबाईंची मोटर दुसऱ्या दिवशी सकाळी अडली. तिसऱ्या दिवशी अडली. चौथ्या दिवशी अडली. नवी कोरी केबल, एकही जोड नाही, आणि स्क्रीनवर तेच. चव्वेचाळीस डिग्री ऊन. वरची पानं कडेने करपायला लागली आहेत, घड खाली बसतायत. मला चौथ्या दिवशी कळलं, कारण बाई तक्रार घेऊन येतच नाही. मीच शेवरीच्या कुंपणातून पाहिलं तर जमीन भेगाळलेली.

गावात सात जणांनी पेट्या काढून मोटर डायरेक्ट जोडली. आबा दोन दिवस पारावर गेले नाहीत. लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, ‘काय म्हणते धुळ्याची इंजिनिअर’ एवढंच विचारतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आता शांत डोक्याने वाच. काल सकाळी आठलाच मी बेबाबाईंच्या पेटीसमोर जाऊन उभा राहिलो. आठ-वीसला लाईट आली. त्याच क्षणी चहूकडच्या मोटरी एकदम घुमल्या. तुला ठाऊक आहे, इथे प्रत्येकाच्या मोटरीला ऑटो स्टार्टर असतं. लाईट आली रे आली की शे-दीडशे मोटरी एकाच सेकंदाला उठतात. कुणालाच आपलं ऑटो बंद ठेवायचं नसतं, शेजाऱ्याच्या आधी पाणी ओढायचं असतं. मीटर लावून बघत होतो, दाब धपकन खाली गेला आणि सात-आठ सेकंदांत परत वर आला. पण तोवर पेटीने निकाल देऊन टाकला होता. नऊ वाजता मी तुझी सूचना मोडून मेन बंद-चालू केला, लगेच मोटर सुरू.

तुझी पेटी थांबत का नाही? जानेवारीत तू मला सांगितलं होतंस की ही बारा सेकंद थांबते, धावपळ निवळू देते, मग दाब बघते. माझ्या तिन्ही थांबतात, मी घड्याळ लावून पाहिलं. या चाळीस थांबत नाहीत.

ललित

---

धुळे
३० एप्रिल २०२५

ती. ललितभाऊ,

सा. न.

कंपनीने सर्व पेट्यांसाठी सुधारित प्रोग्राम तयार केला आहे. चाळीस पेट्या टप्प्याटप्प्याने धुळ्याला पाठवाव्यात. नियमित सर्व्हिसमध्ये तो घालून दिला जाईल. ग्राहकांना ‘नवी आवृत्ती आली आहे’ असे सांगावे. तोपर्यंत सकाळी साडेआठनंतर मेन एकदा बंद-चालू करावा. बेबाबाईंना तू स्वतः जाऊन सांग.

दिपमाला

---

धामणखेडे
३ मे २०२५

दिपमाला,

हे पत्र तू लिहिलंस की तुमच्या साहेबाने? टोपी घालायला सुद्धा सांगितलं नाहीस.

चाळीस पेट्या एसटीने पाठवायच्या, मग परत यायच्या, तोवर मे संपेल. बेबाबाईंकडे मी रोज साडेआठला जाऊन मेन दाबून येतो. बाग अजून उभी आहे. खालचे काही घड गेले, बाकीचे तगतील असं वाटतं. माझ्या जाण्याने काही बिघडत नाही, पण ती बाई मला चहा देते आणि माझ्याकडे बघत बसते.  त्या बघण्याने मला अन्न गोड लागेना.

एकच विचारतो, खरं सांग. सुधारित म्हणजे आधीचा बिघडलेला होता ना? अण्णांची केबल उपटायची गरज होती का?

ललित

---

धुळे
५ मे २०२५

ललितभाऊ,

नव्हती.

हा एक शब्द लिहायला मला आठवडा लागला. मला २८ तारखेलाच कळलं होतं. तुझं पत्र वाचलं, ‘माझ्या तिन्ही थांबतात’ इथे आले आणि तशीच प्रोग्राम उघडून बसले. त्यानंतर नीट झोप नाही, जेवण नाही. खुर्चीवर बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. आई विचारते, काय झालं. काही नाही म्हणते.

तुला समजेल असं सांगते, कारण तुला समजलंच पाहिजे. आम्ही जो प्रोग्राम लिहितो तो चिपला थेट कळत नाही. मध्ये एक कम्पायलर असतो, तो आमचं लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवतो. त्याला आधी सांगून ठेवावं लागतं, कसं उतरवायचं. एक सेटिंग असं की आहे तसं उतरव, एक शब्द गाळू नकोस. दुसरं असं की आटोपशीर कर, जागा वाचव, ज्याचा उपयोग नाही ते काढून टाक. जानेवारीत तुझ्या तीन पेट्या पहिल्या सेटिंगवर केल्या होत्या.

मग तू म्हणालास की स्क्रीनवर मराठी हवं, बेबाबाईंसारख्यांना इंग्रजी कळत नाही. बरोबर म्हणालास, तुझा काही दोष नाही. मराठी अक्षरांची चित्रं मी बूटच्या भागात घातली, पण त्या भागाला चिपमध्ये जागा नेमून दिलेली असते, आठ केबी. ती भरून वाहायला लागली. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. मी सेटिंग बदलून दुसरं लावलं. झटक्यात मावलं. इतका आनंद झाला मला, की मी जिन्यावरून नाचत खाली गेले.

बारा सेकंदांची थांब मी अशी लिहिली होती की चिपने काही लाखांपर्यंत नुसतं मोजायचं. मोजून काही करायचं नाही, फक्त वेळ जाऊ द्यायचा. कम्पायलरने पाहिलं की हा आकडा पुढे कुणी वापरतच नाही. त्याने ती मोजणी समूळ काढून टाकली. त्याची चूक नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. हे असं होतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. त्या मोजणीवर ‘हिला हात लावू नकोस’ अशी खूण करायची असते, किंवा चिपच्या घड्याळावर वेळ मोजायची असते. मी दोन्ही केलं नाही. आणि सेटिंग बदलल्यावर कम्पायलरने काय उतरवलंय ते उघडून पाहिलं नाही. २८ तारखेला पाहिलं. जानेवारीच्या उताऱ्यात मोजणी आहे, मार्चच्या उताऱ्यात तिथे काहीच नाही.

टेबलावरची वीज सरळ येते. इथे दीडशे मोटरी एकदम उठत नाहीत. म्हणून चारशेच्या चारशे वेळा चालली, आणि मी छातीवर हात ठेवला.

योगराज सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, गुपचूप दुरुस्त करून टाक, दोनशे पेट्यांचं बोलणं चालू आहे, चूक झाली हे कागदावर येऊ देऊ नकोस. ३० तारखेचं पत्र त्यांनी सांगितलं आणि मी उतरवलं. मला नोकरी टिकवायची होती. आईने फोटो दाखवलेल्या सगळ्या बायका डोळ्यांसमोर येत होत्या. पण त्या बाईच्या नवऱ्याच्या हातचं काम मी इथे धुळ्यात बसून खोटं ठरवलं, न बघता. ते मला सहन होत नाही भाऊ.

शनिवारी दहा तारखेला सकाळच्या गाडीने येते. बूटचा भाग फोनवरून बदलता येत नाही, कुणी छेडू नये म्हणून मीच कुलूप घातलंय. प्रत्येक पेटी उघडून लॅपटॉप जोडावा लागेल. दोन दिवसांत चाळीस होतील. सुट्टी टाकली आहे, सर मंजूर करोत न करोत. पारावर माणसं जमव. बेबाबाईंना बोलाव.

दिपमाला

---

धुळे
१३ मे २०२५

ती. ललितभाऊ,

सा. न.

पोचले. रविवारी गाडीत बसले ती मुक्ताईनगरपासून थेट झोपलेच, कंडक्टरने धुळ्यात उठवलं.

मी सेटिंग आटोपशीरच ठेवलंय, कारण मराठी अक्षरं काढायची नव्हती. थांब आता चिपच्या घड्याळावर मोजली जाते, तिला कुणी कापू शकत नाही. शिवाय प्रत्येक पेटीची थांब वेगळी केली, म्हणजे सगळ्या एकदम उठणार नाहीत. बेबाबाईंची सगळ्यात शेवटी, चाळीस सेकंद. या वेळी उतारा ओळ न् ओळ वाचून मग आले होते. पेटीवरची ती सूचनाही खरवडून काढली.

सरांनी मला काढलं नाही. बूटचं काम मात्र काढून घेतलं. आता मी तयार पेट्यांवर स्टिकर लावते आणि मोजून खोक्यात भरते. दोनशेचं बोलणं लांबणीवर पडलंय. आईला अजून सांगितलेलं नाही, या आठवड्यात सांगेन.

पण मला अजून चैन नाही, ते वेगळ्याच कारणाने. पारावर मी सगळ्यांसमोर म्हटलं की चूक माझी होती, सुकदेव अण्णांचा जोड चांगला होता, मी न बघता दोष दिला. तोतारामने मान खाली घातली. दोन-तीन जण म्हणाले, चालायचंच, यंत्र आहे. पण बेबाबाई माझ्याकडे बघतच नव्हती. मी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला, पण बघत होती तुझ्याकडे. सारखी तुझ्याकडे. आणि तू चपलेने माती उकरत होतास. एक शब्द बोलला नाहीस. माझ्यावर रागावली आहे का ती? तुला काही म्हणाली का? जे असेल ते लिही, मला ऐकायचं आहे.

दिपमाला

---

धामणखेडे
१८ मे २०२५

चि. दिपमाला,

मोटर रोज चालतेय. आठ-वीसला लाईट येते, गावाची धावपळ होते, आणि मग बेबाबाईंची मोटर सावकाश उठते. बागेचा रंग परत आला. घड पुढच्या महिन्यात कापायला येतील. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

ती तुझ्यावर रागावली नव्हती.

१८ एप्रिलला मी तो जोड सोलला तेव्हा आत तांबं लख्ख होतं. पत्रात मी तुला लिहिलं, ‘जुना होता’. गंज होता असं लिहिलं नाही, कारण नव्हता. अण्णांनी तार तारेत गुंफून, कथलाचा डाख देऊन, वर रबर आणि त्यावर टेप चढवला होता. दीपनगरला आम्हाला असा जोड शिकवायचे आणि आमच्यातल्या निम्म्यांना तो जमायचा नाही. सोलल्याबरोबर मला कळलं की दोष इथे नाही. पण तोवर मी पाच माणसांसमोर बोलून बसलो होतो. चर उकरून झाला होता. मी तो जोड मुठीत दाबला, केबल गुंडाळली आणि शेडमध्ये टाकली. तेव्हाच तुला खरं लिहिलं असतं तर तू आठ दिवस आधी कामाला लागली असतीस, आणि खालचे घड वाचले असते.

तू पारावर उभी राहून बोललीस, वयाने लहान, परगावची, नोकरी पणाला लावून. आणि मी गावचा वायरमन, थोरला भाऊ, माती उकरत बसलो. तू सगळा दोष एकटीवर घेतलास आणि मी तो घेऊ दिला.

काल सकाळी गेलो. हातात ती जुनी केबल होती. बाई ओट्यावर शेंगा निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, काकू, जोड चांगला होता, मला त्याच दिवशी दिसलं होतं, मी बोललो नाही. पुढे माफी मागायची होती, ती तोंडातून नीट निघाली नाही.

तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, “तू जोड सोलला तवा मी बांधावरच उभी होती ना रे. तांबं मलेबी दिसलं.”

मी विचारलं, काकू, मग इतके दिवस बोलला का नाहीत? तर म्हणाली, “मी बोलून काय? बायको तं नवऱ्याचंच म्हननार. तूच बोलशीन म्हनून थांबली होती. रोज चहाले येत होता, मले वाटे, आज बोलशीन.”

दिपमाला, मी दहा-बारा सकाळी तिच्या ओट्यावर चहा प्यायलो.

ती म्हणाली, ती केबल परत टाक. मी म्हटलं, नवी चांगली आहे, अखंड आहे. ऐकेना. आज पहाटे चर पुन्हा उकरला. तोतारामला मीच बोलावलं आणि त्याच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं, तो फावडं टेकवून ऐकत राहिला. सोललेला जोड मला परत बांधायचा होता. अण्णांसारखा जमला नाही, दोनदा सोडावा लागला. तिसऱ्यांदा बाईने तारेचं एक टोक स्वतः धरलं आणि कसं पिळायचं ते सांगितलं. चर खोदला होता अण्णांनी एकट्याने, पण जोड बांधताना टोक तेव्हाही हिनेच धरलं होतं.

ललितभाऊ